कोरसमधले बाबा

वडिलांचा आवाज आपल्याला आठवत नाही, हे सुमेधाला वयाच्या पन्नासाव्या वर्षी, एका मंगळवारी सकाळी सव्वाअकराला कळलं. आठवत नव्हता तो आधीपासूनच; फक्त आठवत नाही हे ठाऊक नव्हतं. एखादी साडी कपाटात आहे असं आपण वर्षानुवर्षं धरून चालतो आणि नेसायच्या दिवशी ती सापडत नाही, तसं झालं. रामूकाकांनी आणून दिलेली कॅसेट तिने कॉम्प्युटरवर उतरवून घेतली होती. त्र्याऐंशीच्या श्रावणातली, म्हणजे गिरण्यांचा संप सुरू होऊन दीड वर्ष उलटल्यानंतरची. लालबागच्या त्यांच्या चाळीत, गावमंडळाच्या खोलीत एकादशीचं भजन झालं होतं, ते बोटीवर नोकरीला असलेल्या कुणाच्या तरी भाच्याने नव्याकोऱ्या टेपरेकॉर्डरवर टेप करून ठेवलं होतं. पेटीवर सीतारामबुवा, मागे कोरसला दहा-बारा जण, सगळे साचाखात्यातले, दिवसभर कापड विणणारे, आणि त्यांत बाबा. तिने हेडफोन चढवले आणि कोरसची वाट बघत बसली. कोरस आला की आपण चटकन म्हणू, हे बाबा. इतकी साधी गोष्ट होती. कोरस आला, गेला, परत आला. तीस मिनिटांची एक बाजू संपली, शेवटची खरखरही संपली, आणि तिला त्यात कुणीच ओळखू आलं नाही.

खरं तर आवाज ओळखण्यावरच तिचं पोट होतं. परळला एका जुन्या गिरणीच्या आवारात काचेची इमारत उभी राहिली होती, तिच्या दुसऱ्या मजल्यावर तो स्टुडिओ. योगायोग वगैरे म्हणायचं कारण नाही. परळात आता कुठेही नोकरी धरली तरी ती कुणाच्या ना कुणाच्या बापाच्या गिरणीतच असते. मालिकांची शीर्षकगीतं, जाहिराती, नवसाच्या देवांची गाणी, नगरसेवकांच्या वाढदिवसाची गाणी, असं सगळं तिथे यायचं आणि बहुतेक सगळं थोडं बेसूर यायचं. मग ते सुमेधाकडे. पडद्यावर आडव्या रेघा म्हणजे सूर, उभ्या रेघा म्हणजे ताल, आणि गायलेला एकेक सूर त्यांवर एका लहान पट्टीसारखा बसलेला. पट्टी माऊसने धरायची. वर ओढली की सूर चढतो, खाली ओढली की उतरतो, डावीकडे सरकवली की उशिरा आलेला माणूस वेळेवर येतो. बावीस वर्षांत तिने किती माणसांना वेळेवर आणलं याला सुमार नव्हता. धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालून झाल्यावर वाटतं तसं तिला त्यात बरं वाटायचं. गायक मंडळी नंतर आपलंच गाणं ऐकून स्वतःवर खूश होत, आणि तीही त्यांना काही सांगायला जात नसे.

रामूकाकांना हे काम तिनेच कधीतरी हौसेने दाखवलं होतं, ते त्यांनी बरोबर लक्षात ठेवलं. रामूकाका म्हणजे बाबांचे गाववाले आणि खात्यातले शेजारी. बाबांचे साचे, म्हणजे माग, संपत तिथून रामूकाकांचे सुरू होत. आता ब्याऐंशी वर्षांचे, कानात यंत्र, बोलणं मात्र तसंच. चाळ गणपतीनंतर रिकामी व्हायची होती, तिथे टॉवर येणार होता. त्याआधी श्रावणातल्या एकादशीला पटांगणात शेवटचं भजन व्हावं असं सगळ्यांनी ठरवलं, आणि ठरवल्यावर लक्षात आलं की म्हणायला कुणी उरलेलं नाही. त्या दहा-बारा जणांतले रामूकाका एकटे शिल्लक, आणि एकट्याने कोरस देता येत नाही. म्हणून कॅसेट.

“सुमे, आमी सगळे मागं-पुढं म्हणायचो गो,” ते म्हणाले होते. “बुवा लई वैतागायचे. ता जरा सरळ करून दी. आता शेवटाक तरी सगळे एका टायमाक येऊ देत.”

“करते काका,” ती म्हणाली. करायचं होतंच. पण आपल्याला त्यातून आपला बाप शोधून काढायचाय आणि तो सापडेपर्यंत काहीही सरळ करण्यात आपलं लक्ष लागणार नाही, हे तिने त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

गंमत अशी की बाबांचं तोंड तिला लख्ख आठवत होतं. साचाखात्यात शेकडो साचे एकदम चालत. तिथे ओरडून उपयोग नसे. माणसं आवाज न काढता नुसते ओठ हलवत आणि समोरचा ते वाचून घेई. पाळी सुटली तरी ही सवय सुटत नसे. बाबा चाळीच्या पटांगणात उभे राहून वर गॅलरीतल्या आईशी अख्खा संसार बोलत, एक अक्षर न उच्चारता. काय आणू, कोण आलंय, अजून रागात आहेस का. शेजारच्या राधाबाई आईबद्दल म्हणायच्या, लक्ष्मीच्या घरात भांडण झालं तरी आम्हाला मेलं कळायचं नाही. सुमेधा ती बोली आपोआप शिकली. शाळेतून येताना कोपऱ्यावरूनच तिला बाबांचे ओठ दिसायचे, ‘सुमे’, आणि ती पळत सुटायची. घरात मात्र ते बोलायला लागले की आवाज फार मोठा व्हायचा, आपलं आपल्याला ऐकू न येणाऱ्या माणसाचा होतो तसा. आई तळहात खाली दाबून ‘हळू’ करायची. मग ते ओशाळायचे आणि पुन्हा नुसत्या ओठांवर यायचे. म्हणजे आवाज तिने ऐकला होता, नक्की ऐकला होता. पण मोठा होता यापलीकडे त्याच्याबद्दल तिला काही सांगता येत नव्हतं. जाड की बारीक, नाकातला की छातीतला, काही नाही. आणि पुढे ऐकायची सोय राहिली नाही. चौऱ्याऐंशीला ते शेतीच्या कामाला म्हणून गावी गेले; आई खानावळीचे डबे करायची, सुमेधाची शाळा होती, म्हणून दोघी इथेच. गावात फोन नव्हता. नऊ पत्रं आली. शहाऐंशीच्या पावसाळ्यात काविळीने ते तिथेच गेले. मागे एक फोटो राहिला, त्यात तोंड मिटलेलं आहे.

संपातले दिवस तिच्या डोक्यात सगळे एकमेकांत मिसळून गेले होते. गॅलरीत दिवसभर बसलेले पुरुष, हे त्या वयातलं मोठं आश्चर्य. वडील म्हणजे पाळीवरून येणारी वस्तू, ती घरातच असायला लागली की पोरांना कुठे खेळावं कळेना. दोन्ही वेळा पेज, तीही दिवसेंदिवस पातळ होत गेलेली. एक संध्याकाळ मात्र तिला पुरती आठवत होती. मामाने गावाहून कुणाबरोबर तरी तांदूळ पाठवला होता आणि आईने कितीतरी दिवसांनी भात टाकला होता. वास गॅलरीभर पसरला. आई म्हणाली, “जा, बापाशीक सांग, भात झालो.” बाबा खालच्या मजल्यावर भजनाला बसलेले. सुमेधा दाराशी चपलांच्या ढिगात एका पायावर उभी राहिली, समोर नुसत्या पाठी, त्या पाठींवरून बाबांची नजर मिळाली तशी ओठांनी म्हणाली, भात झालो. आणि मागे न बघता परत पळाली, कारण भात तिकडे होता. नंतर बाबा आले, पाटावर बसले, आणि पहिला घास घेऊन हसायला लागले. आवाज नाही, खांदे नुसते हलत होते, डोळ्यांतून पाणी. “काय झाला?” आई विचारत राहिली. त्यांनी मान हलवली आणि आणखी हसले. भाताचा आनंद झाला असेल, असं सुमेधाने तेव्हा धरलं, आणि मोठी झाल्यावरही तेच धरून ठेवलं.

बुधवारपासून ती त्या कोरसच्या मागे लागली. पेटी वेगळी निघाली, पखवाज वेगळा निघाला, बुवांचा चढा आवाजही जवळजवळ सुटा झाला. मागची माणसं मात्र सुटेनात. कितीही बारीक करून बघितलं तरी एकच जाडसर पट्टी. गुरुवारी दुपारी तिला दिसलं की ओळ संपताना ती पट्टी एकदम तुटते आणि तिचं एक बारीक टोक थोडं पुढे रेंगाळतं. सेकंदाचा दहावा भागही नाही, पण प्रत्येक ओळीला. हा माणूस ओळीत शिरायचाही उशिरा. उशीर कोणाला होईल? ज्याला सगळ्यांत कमी ऐकू येतं त्याला. आणि चाळीत सगळ्यांत बहिरा कोण, हे तिला सांगायला नको होतं. तिने ते एवढंएवढं शेपूट कापून बाजूला ठेवलं आणि एकटं वाजवलं. एक पुरुष ‘ए’ म्हणाला आणि थांबला. सुमेधाने ते पुन्हा वाजवलं.

दोन दिवसांत तिने अशी एक्केचाळीस शेपटं गोळा केली आणि पडद्यावर खाली त्यांची स्वतंत्र ओळ केली. त्या ओळीला नाव द्यावं लागतं. तिने ‘बाबा’ लिहिलं. एकापाठोपाठ वाजवलं की ते आ, ए, रे, आ, ई असं काहीतरी ऐकू यायचं, शब्द एकही पुरा नाही. आवाज बारीक होता, किंचित नाकातला. तिने जरा जाड असेल असं धरलं होतं; पहिल्यांदा थोडं मन खट्टू झालं, मग ती स्वतःवरच चिडली. बाप काय निवडून घ्यायचा असतो? फोनवर घेऊन ती ते ऐकत परळहून लालबागला चालत जाऊ लागली. मसाल्याच्या दुकानांपाशी मिरच्यांच्या खाटाने सगळे शिंकत असायचे, आणि हिच्या कानात बाबा ‘आ’ म्हणत असायचे. चौथ्या दिवशी तर तिला तो आवाज लहानपणापासून आठवत असल्यासारखा वाटायला लागला. फोटोतल्या मिटलेल्या तोंडात तो चपखल बसला. इतकी वर्षं आपण कशाविना राहत होतो हे तिला आता कळलं, आणि मिळाल्यावर जास्तच कळलं. रस्त्यात दोनदा तिला थांबावं लागलं.

काम मात्र तिने चोख केलं. बुवांची ओळ संपली की कोरस यायच्या आधी प्रत्येक वेळी एक छोटी फट पडायची, बुवा बिचारे पेटीवर बोट दाबून वाट बघायचे. त्या सगळ्या फटी तिने बुजवल्या. रेंगाळणारी शेपटं उडवली. तिसऱ्या कडव्यात एक वाईट जागा होती. बुवांनी स्वतः रचलेल्या भजनाचं धृपद होतं, ‘सावळ्या, तुझ्या घरी थोडी जागा दे रे’, आणि तिथे ‘जागा’च्या ठिकाणी कोरस असा काही फुटला होता की कुणी काय म्हटलं तेच समजेना, मागोमाग पखवाजही अडखळला. टेप खराब झाली असेल म्हणून तिने तेवढा तुकडा बंद केला आणि पहिल्या कडव्यातली स्वच्छ ‘जागा’ आणून तिथे बसवली. अशा गोष्टी ती रोज करायची. लोकांना सरळ कोरस आणि आपल्याला बाबा, अशी वाटणी तिला बरी वाटली.

सोमवारी दुपारी रामूकाका ऐकायला आले. कानातलं यंत्र काढून त्यांनी खिशात टाकलं. सुमेधाने त्यांना काचेपलीकडच्या, गाणाऱ्यांच्या खोलीत बसवलं, मोठे हेडफोन घातले आणि आवाज पुरता चढवला. ते मान खाली घालून ऐकत होते. भजन संपलं तेव्हा त्यांनी काचेतून तिच्याकडे बघितलं आणि ओठ हलवले, ‘बेस.’ चेहऱ्यावर मात्र काही नव्हतं, परक्याचं गाणं ऐकल्यासारखा चेहरा. पण सुमेधाचं तिकडे लक्ष नव्हतं. तिने कितीतरी वर्षांनी ओठांनी विचारलं, ‘बाबा ऐकायचेत?’ आणि त्यांना ते पहिल्या झटक्यात समजलं. तिने ती खालची ओळ लावली. आ, ए, रे. काकांच्या कपाळाला आठी पडली. मग आठी गेली. त्यांनी तर्जनीने आपल्या छातीवर दोनदा टकटक केलं. तिला वाटलं, छातीत दुखतंय. ती धावत आत गेली.

“ह्यो मी गो,” रामूकाका म्हणाले. “माझो आवाज. मी नेहमी मागं राहायचो.”

“नाही काका. हे बाबा आहेत. बाबांना ऐकू येत नव्हतं म्हणून—”

“माका माझो आवाज कळूचो नाय?” त्यांनी एक ‘आ’ लावून दाखवला. ब्याऐंशी वर्षांचा, मोडका, पण बारीक आणि किंचित नाकातला. सुमेधा त्यांच्या शेजारी बसली. चार दिवस आपण परक्या माणसाला उराशी धरून हिंडत होतो, आणि तो परकाही नव्हता, हे आणखी वाईट.

“मग बाबा कुठायत?” तिने विचारलं. आवाज लहान मुलीसारखा निघाला. काकांना तो ऐकू आला नसणारच. त्यांनी ओठांवरून घेतला.

“रघु? तुझो बापूस म्हणायचोच नाय,” ते म्हणाले. “साच्यांनी त्याचे कान खाल्ले. आपलो सूर खंय जाता ता त्याकाच समजेना. एकदा बुवा पेटी थांबवून बोलले, कोण रे तो? तेवापासून त्याने आवाज बंद केलो. पण सोडून नाय गेलो. बुवांच्या बाजूक बसायचो, आमच्याकडे तोंड करून. बुवांची आमका पाठ, पखवाजात शब्द कोणाक ऐकू येतत? रघुला सगळी भजनं पाठ. तो नुसतं तोंड हलवायचो, आणि आमी तेच्या तोंडाकडे बघून म्हणायचो. खात्यात बोलायचो तसं. म्हणून तर उशीर व्हायचो. आधी बघायचं, मग म्हणायचं. मी कडेक बसायचो, माका तो अर्धोच दिसायचो, म्हणून माका जास्ती उशीर.”

सुमेधाने त्यांचे हेडफोन आवरून बाजूला ठेवले.

“आणि माका सांग,” ते तिच्याकडे निरखून बघत म्हणाले, “तिसऱ्या कडव्यातलो भात खंय गेलो?”

“कसला भात?”

“अगो, तिथे आमी भात म्हटलेलो. भजन चालू असताना रघु मधीच आमच्याकडे बघून म्हणालो, भात? अगदी डोळे मोठे करून. आमका काय म्हायत, दारात मागे तू उभी हस! तो तुका विचारत होतो. आमका वाटला, बुवांनी शब्द बदलले. सगळ्यांनी म्हटलं भात. खरं तर ओठांवर पात दिसला असता, मात दिसला असता, तोंड तसाच मिटता. पण संपात माणसाक एकादशीकय भातच दिसता. बुवा पेटी फेकूचे बाकी ऱ्हवले. रघु हसून हसून मेलो.”

काचेच्या त्या खोलीत अजिबात आवाज येत नाही. म्हणूनच ती बांधलेली असते. सुमेधाला पाटावर बसलेले बाबा दिसले, हलणारे खांदे दिसले. आणि त्याआधी, जे तिने कधीच पाहिलं नव्हतं, तेही दिसलं. ती पाठ फिरवून पळाली होती आणि मागे बाबा विचारत होते. त्यांना ती बातमी खरी वाटत नव्हती, परत एकदा तिच्या तोंडून पाहायची होती. दारात कुणी नव्हतं.

ती उठून आपल्या जागेवर आली. ‘बाबा’ नावाच्या ओळीवर तिने ‘रामूकाका’ लिहिलं. मग बसवलेली ‘जागा’ काढून टाकली आणि खाली बंद करून ठेवलेला मूळ तुकडा उघडला. मग आठवडाभर पुढे ओढलेला सगळा कोरस एकेक ओळ करून मागे नेला, त्याच्या मूळ उशिरावर, आणि उडवलेली शेपटं परत जोडली. तासभर लागला. पट्ट्या रेघा सोडून पुन्हा मागे सरकल्या आणि दर ओळीआधी ती फट उघडी पडली. इतके दिवस ती तिथे काहीच नाही असं समजत होती. आता तिने प्रत्येक फटीपाशी थोडं थांबून बघितलं. तिथे बाबांचे ओठ हलत होते. अकरा माणसं त्यांच्याकडे बघत होती.

रामूकाका काचेपलीकडे बसूनच होते. हेडफोन पुन्हा चढवताना त्यांनी ओठांनी म्हटलं, ‘लोक हसतील गो.’

‘हसू देत,’ ती म्हणाली, आणि तिने तिसरं कडवं लावलं. बुवा गायले, ‘सावळ्या, तुझ्या घरी’, पेटी थांबली, फट आली, आणि मग भुकेल्या माणसांनी छातीठोकपणे देवाकडे भात मागितला. पखवाज अडखळला. बुवांनी पेटीचे दोन सूर चुकीचे दाबले. आता नीट कान दिल्यावर प्रत्येकाचा भात वेगळा ऐकू येत होता, लांबट, आखूड, एक सगळ्यांच्या शेवटी, बारीक आणि नाकातला. रामूकाका हसत होते. काचेमुळे त्यांचा आवाज येत नव्हता, खांदे नुसते हलत होते आणि गालांवरून पाणी ओघळत होतं. सुमेधाने भजन मागे घेतलं. बुवा पुन्हा गायले, पेटी पुन्हा थांबली, आणि कोरस यायच्या आधीच्या तेवढ्या शांततेत तिने आवाज न काढता म्हटलं, ‘झालो, बाबा.’